पहिल्या तीन कॉफ्या

इटलीतल्या आमच्या ओमेन्यात मोक्याला साबण लावत नाहीत. कॉफी झाली की ते आठ पैलूंचं अल्युमिनियमचं भांडं नुसत्या पाण्यानं विसळायचं आणि उपडं घालायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. एर्सीलियाच्या सुनेला, नीवेसला, ते ठाऊक नव्हतं. तिच्या माहेरी तुरीनला कॉफीचं दुकान होतं. तिथं मोठं यंत्र, घरी मोका कधी चढलाच नाही. एर्सीलिया चर्चमधून परतली, तेव्हा ओट्यावर मोका लखलखत होता.

"तारेच्या घासणीनं घासला, आई! आत केवढी काळी पुटं होती."

"पुटं नव्हती ती, बये! माझी एकवीस वर्षं होती!" एर्सीलियाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खरं दुखणं ती सांगू शकत नव्हती. तिचा नवरा देल्फीनो गावच्याच कारखान्यात अल्युमिनियमला झिलई करायचा. फेब्रुवारीत तो गेला, आणि तेव्हापासून खालचं पाणी उकळून कॉफी वरच्या भागात चढताना मोका त्याच्यासारखा घसा खाकरू लागला. वाफ असेल म्हणून तिनं आधी सोडून दिलं. मग एकदा तो खाकरून थांबला, उत्तराची वाट बघत असल्यासारखा. त्या दिवसापासून ती रोज सकाळी त्याच्याशी बोलायची. पलीकडून शब्द कधी आला नाही, पण सोबत होती. ती या पोरीनं घासून मोरीत सोडली होती!

तिनं मोका गॅसवर चढवला. कॉफी मुकाट वर आली.

"नव्यासारखा केलास ना, सूनबाई? मग आता रीतही नव्याचीच. पहिल्या तीन कॉफ्या मोरीत ओतायच्या, प्यायच्या नाहीत."

"चांगली कॉफी ओतायची? आमच्या दुकानात बाबांनी कानफटात दिली असती मला." नीवेसनं कप भरला आणि उभ्या उभ्या पिऊन टाकला.

"कुणाचं म्हणून ऐकायचं नाही!" एर्सीलिया कडाडली.

नीवेस देल्फीनोच्या खुर्चीत जाऊन बसली.

तिनं घसा खाकरला.

"फेब्रुवारीतल्या त्या रात्री दार का लावून घेतलंस, एर्सी?"

तुरीनची पोर, पण बोली अस्सल ओमेन्याची.

"मी हाका मारत होतो."



मोक्यात अजून कॉफी होती. नीवेसनं रिकामा कप पुढे केला.