ठोकळ्यांची बैठक

टाकेश भंगारात गेला नाही.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही, असं धरून चालू या. कारण गोष्ट सुरू होते तेव्हा इचलकरंजीच्या मगदूम गालिचा कारखान्यासमोर टेम्पो उभा आहे, टेम्पोवाला हॉर्नवर कोपर टेकून चहा पितोय आणि टाकेशचं पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नाही. तुम्हालाही नाही.

टाकेश हा यंत्रमानव (माणसासारखी कामं करणारं यंत्र). टाके घालणाऱ्या यंत्राची देखभाल करतो म्हणून टाकेश. टाकून द्यायचाय म्हणून टाकेश, असं हल्ली कारखान्यात कुणीतरी म्हणालं होतं आणि सुव्रताने त्या कुणीतरीशी बोलणं सोडलं होतं. सुव्रता सहावीत होती. रोज सकाळी टाकेश तिची वेणी घालायचा आणि ती इतकी आवळायचा की तिच्या भुवया संध्याकाळपर्यंत वरच राहायच्या. या मुलीला प्रत्येक धड्याचं नवल वाटतं, म्हणून शाळेतल्या बाई खूश होत्या.

आता टाकेश टेम्पोतून भंगारात जाणार होता आणि त्याचा चौकातला सिग्नल होणार होता. मग त्याच्या हातांचं काय, असं सुव्रताने आत्याला विचारलं. सिग्नलला हात लागत नाहीत, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून ती एका जागी उभी राहू शकत नव्हती.

पद्मलआत्या यंत्रांची शास्त्रज्ञ आणि कारखान्याची मालकीण. ती कठोर नव्हती, टेकीला आली होती. चंद्रावरच्या शाळेचा गालिचा तिच्याकडे होता. चंद्रावर आपलं वजन इथल्या सहाव्या हिश्श्याएवढंच भरतं, त्यामुळे मुलं चालायला जातात आणि उडतात. म्हणून त्यांच्या बुटांना बारीक आकडे आणि गालिच्याला दोऱ्यांचे फास, आकडा फासात अडकला की पाय जमिनीवर. पण आत्याच्या गालिच्यात मधूनच एक पट्टा बिनफासाचा निघाला. त्यावर मुख्याध्यापकांचा पाय पडला, ते छताला डोकं टेकवून सावकाश खाली आले आणि तेवढ्यात मागच्या बाकावरच्या दोन मुलांनी जागा बदलल्या. गालिचा परत आला. दुसराही आला. यंत्राची देखभाल टाकेशकडे, म्हणून दोषही त्याचाच ठरला. तिसरा नमुना आज दुपारच्या यानाने जायचा होता आणि तोवर टाकेशच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं होतं.

"आत्या, मला एकदा बघू दे की," सुव्रता म्हणाली.

"बघ. पण टाकेशला स्क्रू आणखी घट्ट कर म्हणून सांगू नकोस. गेल्या खेपेला त्यानं पान्याचं मुंडकं मोडलंय."

यंत्र समजायला सोपं होतं. खालून जाड कापड सरकतं. वर आडवा दांडा असतो, त्याला सुयांची लांबच लांब रांग. दांडा खाली आला की सगळ्या सुया दोरा घेऊन कापडात घुसतात. खाली प्रत्येक सुईची वाट बघत एक आकडा असतो, तो दोरा धरतो आणि फास तयार होतो. सुया एकेक बसवत बसलं तर जन्म जाईल, म्हणून पुष्कळ सुया एकाच धातूच्या ठोकळ्यात पक्क्या केलेल्या असतात. त्या ठोकळ्याला मॉड्यूल (सुट्टा काढता-घालता येणारा भाग) म्हणतात. एक ठोकळा, एक स्क्रू. ठोकळा केसभर वाकडा झाला तरी त्यातल्या सुया आकड्यांना चुकवतात. मग फास नाही. मग मुख्याध्यापक छताला.

"तू नेमकं काय करतोस ते करून दाखव," सुव्रता टाकेशला म्हणाली.

टाकेशने ठोकळे टेबलावर ओळीने मांडले. सर्वांत जुन्या ठोकळ्याला अध्यक्षस्थान दिलं. मागच्या बैठकीचा वृत्तान्त वाचून कायम केला. कुणाच्या काही सूचना आहेत का, असं विचारून थोडा वेळ थांबला. सूचना नव्हत्या. आभार मानून त्याने पहिला ठोकळा उचलला, दांड्यावर टेकवला आणि स्क्रू पिळायला लागला.

"हे काय चाललंय?" आत्या म्हणाली.

"बैठक. आपण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, प्रत्येक ठोकळ्याची बैठक नीट झाली पाहिजे."

आत्या खुर्चीवर बसली. बाहेर हॉर्न वाजला. मग तिने हळू आवाजात समजावलं की बैठक म्हणजे बूड टेकायची जागा, सभा नव्हे. टाकेश म्हणाला, सभेतही बूड टेकावंच लागतं.

सुव्रताचं लक्ष मात्र ठोकळ्याकडे होतं. ठोकळ्यावर बोट ठेवून तिने टाकेशला स्क्रू फिरवायला सांगितलं. स्क्रू सैल होता तेव्हा ठोकळा सरळ होता. आवळत गेला तसा तो बोटाखाली सरकला, ज्या बाजूला स्क्रू फिरत होता त्याच बाजूला. पुन्हा सैल, पुन्हा घट्ट. पुन्हा तेच. म्हणजे घट्ट करण्यानेच तो वाकडा होत होता.

"घर्षण," आत्या उठून म्हणाली. घर्षण (एकमेकींवर घासणाऱ्या वस्तू एकमेकींना अडवतात ते बळ) स्क्रूच्या डोक्याखाली असतं. डोकं फिरलं की ते ठोकळ्यालाही ओढून फिरवतं.

सुव्रताने दप्तरातून खोडरबर काढलं, टेबलावर ठेवलं, अंगठा दाबून फिरवला. रबर फिरलं. मग तिने ते कंपासपेटीत एका कडेला सपाट टेकवलं आणि तसाच अंगठा फिरवला. रबर फिरू बघत होतं, पण कड फिरू देईना.

"स्क्रूला जागा ठरवायला लावलीय आपण," ती म्हणाली. "त्याचं काम नुसतं धरून ठेवायचं. जागा भिंतीनं ठरवायची."

दांड्याला तशी भिंत होती. खाच कापलेली, अगदी त्यासाठीच. पण खाचेत दोऱ्याचं तूस साचून गादी झाली होती आणि सभेच्या गडबडीत ठोकळा भिंतीला कधी टेकलाच नव्हता. टाकेशने ब्रशने तूस काढलं. ठोकळा कोपऱ्यात सरकवून अंगठ्याने दाबून धरला, स्क्रू आधी हलका आवळला, मग पुरेसा. पुरेसा झाल्यावर तो थांबला. थांबायची त्याला सवय नव्हती.

नमुना निघाला. आत्याने त्यावर तळवा फिरवला, पुन्हा उलटा फिरवला. फास कुठे चुकला नव्हता. ती बाहेर गेली आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, चूक माझ्या बोलण्याची होती, टाकेश कुठं जात नाही.

सुव्रता तोवर नवं चित्र काढत होती. स्क्रू तिरका बसवला तर तो आवळताना ठोकळ्याला आपोआप कोपऱ्यात ओढेल, मग अंगठाही नको. पुढचा दांडा असाच करू, आत्या म्हणाली. अशा दांड्यांचा कारखाना चंद्रावरच काढायचा, हे सुव्रताने ठरवूनही टाकलं.

टाकेशने संध्याकाळी एक अर्ज लिहून रीतसर पाठवला:

"प्रति, मा. प्रमुख, घर्षण विभाग, विश्व. महोदय, विनंती करण्यात येते की कोणताही स्क्रू आवळला जात असताना घर्षणाने रजेवर जावे व आवळून होताच विनाविलंब कामावर हजर व्हावे. कारण नंतर त्याच्यावाचून स्क्रू टिकत नाही. कळावे. उत्तराच्या प्रतीक्षेत, उभा आहे."