या रविवारी कोण येतंय?

ही ऐकीव गोष्ट नाही.

अर्धी माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यासोबत घडली. उरलेली अर्धी मी माझ्या या दोन कानांनी ऐकली. तुम्हाला पटलं नाही तरी माझी तक्रार नाही. मलाच अजून ती नीट पटवून घेता येत नाही.

गेल्या जूनमधला रविवार. आमच्या टास्मानियात तेव्हा ऐन हिवाळा. जागा म्हणजे जीव्हस्टनच्या पुढे हॅरोप रोड जिथे संपतो, तिथलं लाकूडतोडीचं जुनं फाटक.

रात्र नव्हती. धुकं होतं, पण दिवस होता.

मी नोलीन. जंगल-डोंगर भटकणाऱ्यांचं आमचं एक संकेतस्थळ आहे. कुठली वाट बंद आहे, कुठल्या ओढ्याला पाणी चढलंय, कुठला तंबू गळतो, असल्या गप्पा चालतात. काही वर्षांपासून तिथलं संपादन मी बघते. म्हणजे काय, तर भांडणं सोडवायची आणि नव्या लोकांना रीत शिकवायची.

त्यातली मोठी रीत अशी, की जुन्या चर्चेचा धागा उगाच वर काढायचा नाही.

कारण सोपं आहे. एकाने प्रतिसाद दिला की वर्षानुवर्षं तळाशी पडलेला धागा उठून पहिल्या पानावर येतो. त्यावर पूर्वी ज्यांनी लिहिलं होतं, त्या सगळ्यांना निरोप जातो. तंबूचा धागा असेल तर लोक टिंगल करून सोडून देतात. पण काही धागे तसे नसतात. सांगण्यासारखं खरंच काही नवं असेल, तरच तिथे हात लावायचा.

नाहीतर निजू द्यायचं.

कोरिनला हे माहीत नव्हतं.

कोरिन म्हणजे माझ्या बहिणीचा, टेसचा नवरा. दोघं उन्हाळ्यात ब्रिस्बेनहून इकडे राहायला आली होती. तो सुतारकाम करतो. माणूस लाघवी, पण इथे त्याच्या ओळखी होईनात. सुट्टीचा दिवस आला की घरात नुसत्या येरझारा.

"याला कुठेतरी जुंप गं," टेस मला म्हणाली, "नाहीतर मी याला कुंपणाला बांधून ठेवीन."

म्हणून मीच त्याला आमच्या संकेतस्थळावर घेतलं.

शुक्रवारी दुपारी डबा खाता खाता तो तिथे काहीतरी शोधत होता, तेव्हा त्याला एक धागा दिसला. 'या रविवारी कोण येतंय?' एका बापाने लिहिला होता. मुलगी ब्रॉन एकटी फिरायला गेली ती परत आली नाही. पोलिसांनी शोध थांबवलाय. मी थांबवलेला नाही. रविवारी सकाळी आठला हॅरोप रोडच्या फाटकापाशी या. शिट्टी आणा.

खाली वीसेक लोकांचे प्रतिसाद होते. मी येतो. मीपण. आम्ही दोघं येतो.

कोरिनने लिहिलं, 'इथे नवीन आहे. मीपण येतो.' फोन खिशात टाकला आणि कामाला लागला.

कोपऱ्यातली तारीख त्याने पाहिलीच नाही.

तो धागा तेरा वर्षांपूर्वीचा होता.

संकेतस्थळावर गहजब झाला. 'तारीख बघ रे बाबा!' 'कबर उकरायला याला फावडं कोणी दिलं?' 'तिचा बाप अजून जिवंत आहे, थोडी तरी लाज बाळग.' मी त्याचा प्रतिसाद काढून टाकला, धागा वाचनमात्र केला आणि त्याला कानपिचक्या देणारा निरोप पाठवला.

माझ्या दृष्टीने विषय संपला.

रविवारी साडेअकराच्या सुमारास टेसचा फोन आला.

"काय गं, तुमचं ते शोधकाम किती वेळ चालतं? जेवायला थांबू की नको?"

"कसलं शोधकाम?"

"असं काय करतेस? कोरिन पहाटेच गेलाय. ती मुलगी हरवलीय ना, तिला शोधायला."



"टेस... ती मुलगी हरवून तेरा वर्षं झाली. तिथे आज कोणीही जमणार नव्हतं."

"असं कसं? त्याने फाटकापासून फोन केला होता ना. म्हणाला, बरीच माणसं आलीत."

मी तिला गाडीत घेतलं आणि निघाले.

वाटेत टेस सारखा त्याला फोन लावत होती. लागत नव्हता.

फाटकापाशी कोरिनची गाडी उभी होती.

एकटीच.

दुसऱ्या कुठल्या गाडीच्या चाकांची खूण नव्हती. सावलीतल्या गवतावर दहिवर अजून गोठलेलं होतं. त्यातून पावलांची एकच ओळ आत गेली होती.

एकाच माणसाची.

"कोरिन!" टेस ओरडली. मीपण ओरडले. धुक्याने आवाज गिळून टाकला. एरवी इथे करावांग पक्षी कलकलाट करून नको करतात. त्या दिवशी एकही बोलत नव्हता.

किती वेळ ओरडलो, सांगता येणार नाही.

मग आत, खूप लांब... शिट्टी वाजली.

तिला उत्तर म्हणून डावीकडे दुसरी. मग तिसरी. मग चौथी. एकामागून एक, अशा शिट्ट्या पार टेकडीच्या पलीकडे गेल्या.

"आहेत की माणसं," टेस म्हणाली. तिला केवढं हायसं वाटलं! मला नाही वाटलं.

थोड्या वेळाने नेच्यांची दाटी हलली आणि कोरिन बाहेर आला. टोपी नव्हती. मानेला जळवा चिकटल्या होत्या, त्यांचं त्याला भान नव्हतं. टेसने त्याला मिठी मारली. तो मात्र आधी डावीकडे बघत होता, मग उजवीकडे. परत डावीकडे.

"तू हाक मारलीस का? 'इकडे' म्हणून?" त्याने टेसला विचारलं.

"नाही रे. आम्ही तुझं नाव घेत होतो."

"नाव नाही ऐकलं मी. 'इकडे' एवढंच ऐकलं. सारखं."

तेवढ्यात आतून हाक आली.

एका माणसाची नव्हे. खूप जणांची, एकदम. जशी शोधायला निघालेली माणसं देतात तशी. एक हाक... आणि मग उत्तर ऐकायला सगळे गप्प.

"कोरिन!"

शांतता.

"कोरिन!"

शांतता. या वेळी जरा जवळ.

"निघा," कोरिन म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "काही विचारू नका. आधी निघा."

काय झालं ते त्याने आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं. शुक्रवारनंतर त्याने संकेतस्थळ उघडलंच नव्हतं, माझा निरोपही वाचला नव्हता. हातातला चहा गार होत गेला, पण त्याने घोटभरही घेतला नाही.

तो पोचला तेव्हा फाटकापाशी माणसं उभी होती. कोणी कोणाशी फारसं बोलत नव्हतं. पिवळा रेनकोट घातलेली एक बाई सगळ्यांना जागा नेमून देत होती.

"नाव?" तिने विचारलं.

"कोरिन."

"कोरिन, तू डेसच्या शेजारी. डावीकडचा दिसला पाहिजे, उजवीकडचा दिसला पाहिजे. रांग तुटता कामा नये."

डेस हा साठीचा, दाढीवाला माणूस. त्याने कोरिनच्या बुटांकडे बघितलं.

"मेनलँडवरून आलास ना, पाण्यापलीकडून?"

"कसं ओळखलंत?"

"इथल्या माणसाचे बूट इतके चकचकीत त्याच्या मयतीलाच असतात."

कोरिन हसला. कित्येक महिन्यांनी त्याला कोणीतरी आपल्यात घेतलं होतं.

रांग आत शिरली. धुक्यात डावीकडे डेस दिसायचा, उजवीकडे लाल स्वेटर घातलेली एक बाई. त्यांच्या पलीकडे काही नाही. ठरावीक अंतर गेलं की शिट्टी व्हायची. सगळे थांबायचे. मग एकदम हाक.

"ब्रॉन!"

आणि शांतता.

बराच वेळ चालल्यावर कोरिनच्या एक गोष्ट लक्षात आली...

काटक्या फक्त त्याच्याच पायाखाली मोडत होत्या.

तो मुद्दाम थांबला. डेस चालत होता. समोरच्या झुडपात तो शिरला आणि बाहेर आला. एक पान हललं नाही.

"जेवायला कधी थांबायचं?" कोरिनने विचारलं. आवाज सहज ठेवायचा त्याने प्रयत्न केला.

"सापडल्यावर."

"आणि नाही सापडली तर?"

डेसने त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही. पोराने काहीतरी खुळचट विचारल्यावर बघावं तसं.

"कोणीतरी सापडतंच," तो म्हणाला.

पुढच्या हाकेनंतर शांतता झाली, आणि त्या शांततेत कोरिनला उत्तर ऐकू आलं.

बाईचा आवाज. तरुण. खूप दमलेला.

"इकडे..."

"ऐकलंत?" तो ओरडला. "तिकडे आहे ती! मागे!"

डेस समोरच बघत होता. "आम्हाला काही ऐकू आलं नाही."

"अहो, आत्ता स्पष्ट..."

"रांग सोडू नकोस."

"इकडे," आवाज परत आला.

लाल स्वेटरवाली बाई आता पहिल्यापेक्षा जवळ आली होती. डेससुद्धा. चालताना दिसले नव्हते. पण आले होते.

कोरिन वळला आणि आवाजाच्या रोखाने पळत सुटला.

मागे शिट्टी झाली. मग दुसरी, मग तिसरी. कोणी पाठलाग करत नव्हतं. तेच त्याला जास्त भयंकर वाटलं. ते फक्त रांग वळवत होते.

तो आवाज कायम त्याच्या थोडा पुढे राहिला. ओढ्यापाशी, पडलेल्या झाडापाशी, मग नेच्यांच्या दाटीत. शेवटी समोर फाटक दिसलं, आणि आम्ही.

आवाज तिथे थांबला.

आम्ही पोलिसांना कळवलं. ते कुत्रा घेऊन गेले, ओढ्यापर्यंत फिरले आणि परत आले. काही मिळालं नाही.

कोरिन आता बाहेरून कोणी हाक मारली तर ओ देत नाही. टेसने मारली तरी नाही. ती बिचारी घरात येऊन त्याच्या दंडाला हात लावते, तेव्हा तो बोलतो. दोघं ब्रिस्बेनला परत जायचं म्हणताहेत.

त्यानंतरच्या आठवड्यात मी ॲथोलला भेटायला गेले. ॲथोल प्रिडमोर, म्हणजे ब्रॉनचे वडील. ह्यूनव्हिलला वृद्धाश्रमात असतात. तो धागा वर आल्याचा निरोप त्यांनाही गेला असणार, आणि त्याबद्दल माफी मागणं माझं काम होतं.

खिडकीशी खुर्चीत बसले होते. गुडघ्यावर घोंगडी.

"माफी कसली मागतेस पोरी?" ते म्हणाले. "मी वाचलं. तेरा वर्षांनी कोणीतरी 'मी येतो' लिहिलं. मला बरं वाटलं."

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पिवळ्या रेनकोटवाली बाई, डेस, रांग. 'इकडे' म्हणणारा आवाजही सांगितला. तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तुमच्या त्या रविवारी हीच माणसं आली होती का?" मी विचारलं. "डेस नावाचं कोणी होतं?"



"त्या रविवारी बर्फ पडला," ते म्हणाले. "वीस जणांनी येतो म्हणून लिहिलं होतं. मी आठपासून फाटकापाशी उभा होतो. अंधार पडेपर्यंत."

"आणि?"

"कोणी आलं नाही. मी एकटाच होतो, नोलीन."

मग कोरिन सकाळभर डावी-उजवीकडे कोणाला बघत चालला होता?

पण त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"म्हणजे आले तर," ते म्हणाले. "उशिरा का होईना... आले लोक."

मी मान खाली घातली.

त्यांनी माझा हात धरला. बोटं थंडगार होती.

"अजून शोधताहेत का गं?"

"हो," मी म्हटलं.

ते खोटं नव्हतं. अजून शोधताहेत.

कोणाला, ते मी त्यांना सांगितलं नाही.