पोचूच्या इंजिनाचे दोन ठोके

नावेच्या जुन्या इंजिनाच्या बाबतीत सिरोंच्यात माह्यावर माणूस नाई. हे मी स्वतःच्या तोंडानं सांगून राह्यलो, कारण दुसरा कोणी सांगन तं कमीच सांगन. नदीकाठच्या माह्या टपरीत तीस वर्षांत जे इंजिन आलं, ते चालू होऊनच गेलं. माही रीत साधी हाये. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाले टेकवायचं अन् मूठ कानामागच्या हाडाले. कोणतं बेअरिंग खाल्लं गेलं, कोणता पिस्टन रडून राह्यला, सगळं ऐकू येते.

जेठात सुकरीबाईनं बैलबंडीत घालून एक इंजिन आणलं. दोन सिलिंडरचं, माह्या लग्नाच्याही आधीचं. तिनं पोतं बाजूले केलं अन् मी ओळखलं. तिच्या नवऱ्याचं, पोचूचं होतं ते. तीन साल आधीच्या पुरात त्याची नाव उलटली. नाव सापडली, रेतीत रुतलेलं इंजिन सापडलं. पोचू नाई सापडला.

"मुखरूभाऊ, दीपिकाचे दिवस भरत आले," सुकरीबाई म्हणाली. "पोरीचं सासर प्राणहितेच्या पल्याड. जावई कामाले हैदराबादले. नाल्याले पूर आला का पुलाकडची सडक तुटते. मंग दवाखान्यात आणाले नावच. अन् पुरात वल्ह्यानं जमत नाई."

"आठ दिवसांत घेऊन जा, बाई. मुखरूच्या हातात आलं म्हणजे झालंच समजा."

खोललं तं कार्बोरेटरमधून मूठभर रेती निघाली. जेट बारीक तारेनं साफ केले, पॉइंट घासले, कॉइल बदलली, रिंगा नव्या टाकल्या. पाणी भरलेल्या ड्रमात पंखा बुडवला अन् दोरी ओढली.

काहीच नाई.

ठिणगी निळीशार. पेट्रोल पोचत होतं. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तं दाबानं अंगठा उडत होता. हे तीन असले म्हणजे इंजिनाच्या बापाले चालू व्हा लागते! फ्लायव्हीलची चावी थोडी कापलेली दिसली, तवा मी नाचलोच. टायमिंग चुकून राह्यलं होतं, दुसरं काय? चावी बदलली. दोरी ओढून ओढून खांदे भरले. काहीच नाई. सातव्या दिवशी मले जेवण गेलं नाई. लाज वाटत होती, खोटं काऊन सांगू?

आठव्या दिवशी सकाळीच सुकरीबाई आली. माह्या तोंडाकडे पाहून तिनं विचारलं, "ठोकलं का?"

"काय ठोकलं?"

"दीपिकाचा बाप दोरीले हात लावायच्या आधी झाकणावर दोनदा ठोकत होता. दार ठोकते तसं. म्हणे, येऊ का विचारल्याशिवाय कोणाच्या घरात घुसू नाई."

मी हसलो. तिनं बोटाच्या पेरानं झाकणावर दोनदा ठोकलं. मी दोरी ओढली. पहिल्याच झटक्यात इंजिन बोललं, अन् असं गोड बोललं का माहे डोळे भरून आले. पेट्रोल चढाले वेळ लागला असन, असं मी मनाले समजावलं. काम तं माहंच होतं.

इंजिन बंद करून सवयीनं स्क्रूड्रायव्हर कानाले लावला. तापलेलं लोखंड थंडं होताना तडतडते, ते मले पाठ हाये. त्या तडतडीत दोन ठोके आले. आतून. थोडं थांबून परत दोन.

दुसऱ्या दिवशी सारं इंजिन परत खोललं. एकही नट ढिला नव्हता. जोडलं, चालवलं, बंद केलं. दोन ठोके.

शेवटी मी सुकरीबाईले सांगतलं. तिचा चेहरा उतरला.

"तुमी काही बोललात तं नाई ना?"

"मी काय बोलू?"

"ठोकल्यावर माणसं ये म्हणतेत." तिनं पदर घट्ट धरला. "तुमी नका म्हणू, भाऊ."

इंजिन नावेले लावलं. नावेच्या मागच्या अंगाले पोचूनं रंगवलेला लाल पट्टा होता. निसतं इंजिन असलं तं पट्टा पाण्यावर कोरडा राह्यचा. मागच्या फळीवर माणूस बसला का पट्टा बुडायचा. नाव बरोबर तोललेली होती. पोचूही आपल्या कामात पक्का होता, हे कबूल करा लागते.

आषाढात तीन दिवस पाणी लागलं अन् चौथ्या दिवशी दुपारी दीपिकाच्या सासूचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. मी मागं बसलो, सुकरीबाई समोर. जाताना इंजिन एकदाही अडखळलं नाई. येताना दीपिका नावेच्या मधात आडवी, तिचं डोकं मायच्या मांडीवर, सुकरीबाईचे दोन्ही हात पोरीनं आवळून धरलेले.

मधल्या धारेत एक लांबच लांब खोड वाहत आलं. मी हँडल सोडून बांबू घेऊन समोर धावलो. खोड ढकललं, पण त्याचं बूड पंख्याले लागलं अन् इंजिन बंद पडलं.

धारेच्या खालच्या अंगाले काळा खडक होता. पाणी त्याच्यावर फुटत होतं. नाव आडवी होऊन तिकडेच निघाली.

मागून दोन ठोके आले. यावेळी स्क्रूड्रायव्हर लागला नाई.

दीपिका ओरडली. सुकरीबाईनं एकदा माह्याकडे पाह्यलं, मंग खडकाकडे.

"ये," ती म्हणाली.

इंजिन चालू झालं.

मी समोर होतो. दोरी तशीच लोंबत होती.

नावेनं तोंड फिरवलं. खडकाच्या हातभर दुरून निघाली. खडक गेल्यावर इंजिनाचा आवाज कमी झाला, भोवऱ्यापाशी परत वाढला. मी मागं पाह्यलं नाई. सुकरीबाईनंही नाई.

घाटावर नाव लागली अन् इंजिन आपलंआपण बंद झालं. पोरांनी दीपिकाले खाटेवर उचलून नेलं. तासाभरानं निरोप आला, पोरगी झाली, दोघी चांगल्या. माही छाती भरून आली. धारेतून चाललं ते इंजिन या हातांनी जुळवलं होतं, हे मी साऱ्या घाटाले ओरडून सांगतलं.

मंग एकटाच नावेपाशी गेलो. आतलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत उपसलं, काठावर उतरलो अन् वाकून स्क्रूड्रायव्हर इंजिनाले टेकवला. लोखंड तडतडून थंडं झालं. मी मोठा वेळ ऐकत राह्यलो. ठोके आले नाईत. तीस वर्षांत माह्या हातून न गेलेली एकच खोट होती, तीही गेली म्हणून मी खूश झालो.

स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवताना नजर खाली गेली. नाव रिकामी होती. लाल पट्टा पाण्याखाली होता.