निळ्या पोलादाचा भाव

व्हर्लिन टॅकेटच्या दुकानात बाया पिस्तुलं आणायच्या त्या पावाच्या पिशवीत, नाहीतर मेलेल्या नवऱ्याच्या मोज्यात. केंटकीच्या त्या डोंगरपट्ट्यात खाण बंद पडून अकरा वर्षं झाली होती. कंपनीनं एकाही माणसाची रास्त किंमत कधी केली नाही. फुप्फुसं काळी करून टाकली आणि कुलूप ठोकून चालती झाली. त्या माणसांच्या जुन्या पिस्तुलांची रास्त किंमत मात्र व्हर्लिन करायचा, आणि त्यात कुणाचा एक डॉलर बुडवायचा नाही.

रीत साधी होती. मागितलेल्या किमतीकडे बघायचंच नाही. मागायला काय, कुणीही काहीही मागतो. तसलाच माल गेल्या वर्षभरात खरोखर कितीला गेला ते शोधायचं. मग पोलादावरची निळी झाक शंभरात किती उरली ते ठरवायचं. म्यानात घासून नळीचं टोक पांढरं पडतं, तळहाताच्या घामानं मुठीमागची पट्टी. झिजलेलं पोलाद आपोआप परत निळं होत नाही. कुणी करून आणलंच, तर घासण्यात कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट होतात, आणि व्हर्लिनचं बोट ते डोळ्याआधी ओळखायचं.

ऑगस्टच्या शेवटी ओलेटा मलिन्स आली. नवऱ्याला पुरून तिला दोन आठवडे झाले होते. टॉवेलात गुंडाळलेलं चार इंची नळीचं रिव्हॉल्व्हर तिनं काउंटरवर ठेवलं.

"डॉर्सीचं, व्हर्लिनभाऊ. एप्रिलमध्ये तुमच्याकडूनच घेतलेलं. मला घरात नको."

व्हर्लिननं वहीत नंबर शोधला. एप्रिलची नोंद त्याच्याच अक्षरात होती: झाक शंभरात चाळीस. त्याआधी सहा वर्षं ते म्हाताऱ्या न्हाव्याकडे होतं. न्हावी गेल्यावर त्याच्या बायकोनं आणून विकलं. न्हाव्याला दिलं तेव्हाचीही नोंद सापडली. शंभरात पंधरा.

त्यानं ते खिडकीच्या उजेडात धरलं. सत्तर. पुन्हा फिरवून पाहिलं. सत्तरच. अक्षरांवरून बोट नेलं. कडा टोचत होत्या.

"कुणाकडून निळं करून घेतलंत, वहिनी?"

"कशाला करू? पुसलंसुद्धा नाही. तुम्हीच बजावता ना सगळ्या गावाला, घासूनपुसून आणलंत तर भाव पाडीन म्हणून."

"आणि डॉर्सीला... नक्की काय झालं होतं?"

ओलेटा टॉवेलाची घडी घालत राहिली. "डॉक्टरला सापडलं नाही. विटत गेला. आधी केस, मग हातांवरचे तीळ. शेवटी डोळे. तपकिरी होते ना त्याचे? जाताना ताकाच्या निवळीसारखे झाले होते."

व्हर्लिननं तिला सत्तरचा भाव दिला. कमी सांगायला जीभच वळली नाही.

भुताखेतांवर त्याचा विश्वास नव्हता. तरी ते विकायचं नाही, असं त्यानं ठरवलं. पलीकडच्या गावातल्या वेल्डरकडून तीन तुकडे करून घ्यायचे. वेल्डर मंगळवारपर्यंत बाहेरगावी गेला होता. तोवर त्यानं रिव्हॉल्व्हर मागच्या खोलीतल्या खणात ठेवलं. आणि ठेवण्याआधी, तीस वर्षांच्या सवयीनं, त्याच्या हातांनी दोरा ओवला, चिठ्ठी बांधली. नंबर, झाक, भाव. त्याचं त्यालाही कळलं नाही. शुक्रवारी सकाळी तो जत्रेच्या मैदानावरच्या बंदूकबाजाराला निघून गेला.

मंगळवारी परतला तर नेड्रा, त्याची बायको, गल्ल्यामागे सफरचंद खात बसली होती.

"कोय येऊन गेला शुक्रवारी. त्याच्या घळीत तांब्याच्या तारा चोरणारे फिरताहेत. तुझा भाऊ एकटा राहतो, त्याला काहीतरी हवं होतं. मागच्या खणातलं दिलं."

"ते विकायचं नव्हतं!"

"मग चिठ्ठी कशाला बांधलीस? तीस वर्षं माझं डोकं खातोयस, चिठ्ठी बांधली की माल विकायचा. कागद भरून घेतला, चिठ्ठीवरचा भाव घेतला. सख्खा दीर असून दमडी सोडली नाही. वर ओरडतोस काय?"

व्हर्लिननं गाडीची किल्ली उचलली. कोय त्याच्याहून चौदा वर्षांनी धाकटा. आई गेल्यावर त्यानंच वाढवलेला. घळीतला रस्ता अर्ध्या तासाचा होता; त्यानं तो पंधरा मिनिटांत काढला.

कोय ओसरीवर मक्याचा पाव आणि घेवडा खात होता. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली.

"ये दादा! मयताला आल्यासारखं तोंड काय केलंयस?"

ताटाशेजारी रिव्हॉल्व्हर पडलं होतं. दुपारचं ऊन थेट त्यावर होतं. असं पोलाद व्हर्लिननं फक्त कारखान्याच्या बंद डब्यात पाहिलं होतं. नळीचं टोक, चक्रीच्या कडा, मुठीमागची पट्टी. कुठे ओरखडा नाही. काळसर निळं, हात लावला तर ओलं लागेल असं.

"परत दे. दुप्पट देतो."

कोय खदखदून हसला. "दुप्पट? तू? स्वतःच्या सासूला डॉलर वाढवून दिला नाहीस तू. ने बाबा. चोर काही आले नाहीत. मी दिले तेवढेच दे."

व्हर्लिननं ते रुमालात उचललं, गाडीत नेऊन टाकलं आणि परत आला. चारच दिवस. चार दिवसांत असं काय होणार होतं?

"टोपी काढ."

"का?"

"काढ म्हणतो ना."

कोयनं टोपी काढली. केस होते. काळेच होते. डोळे तपकिरी. व्हर्लिननं श्वास सोडला.

मग त्याला कपाळ दिसलं.

एकोणिसाव्या वर्षी खाणीचं छत कोयवर कोसळलं होतं. जखम भरली ती आत कोळशाची पूड घेऊनच. तेव्हापासून कपाळावर, केसांच्या खाली, बोटभर निळी रेघ. खाणीत राबलेल्यांच्या अंगावर अशा रेघा असतातच. त्या जात नाहीत. कंपनीनं कोयला दिलेली तेवढीच एक टिकाऊ वस्तू.

कपाळ कोरं होतं.

"पाहिलंस ना?" कोय खुशीत म्हणाला आणि कपाळावरून बोट फिरवलं. "रविवारी आरशात बघतो तर नाहीच! खाणीचा डॉक्टर म्हणाला होता, ही तुझ्याबरोबर शवपेटीतच जाणार. बघ, माझ्याआधीच गेली."