अठ्ठ्याऐंशी पूर्णांक तीनवर कोण बोलतंय?

एका कर्नलचा डावा पाय मोडला.

काडेपेटीएवढं एक यंत्र. त्याला वीतभर वायर.

साठी उलटलेल्या एक मावशी क्लच सोडतात आणि गाडी आचका देऊन बंद पडते.

दार उघडंच होतं. दार उघडंच होतं. दार... उघडंच होतं.

याचा त्याच्याशी काय संबंध, असं कुणालाही वाटेल. संबंध आहे. तो जुळायला सहा आठवडे लागले, एवढंच.

ती बोलक्या पुस्तकांच्या कंपनीत होती. नटमंडळी कादंबऱ्या वाचून ध्वनिमुद्रित करायची आणि ही कान लावून चुका शोधायची. लोक पुस्तकं गाडीत ऐकतात, तर शेवटची तपासणीही गाडीतच करायची, असा साहेबांचा नियम. तिच्याकडे गाडी होती मामांची, म्हातारी. तीत रेडिओ तेवढा बोलायचा, बाकी सगळं कुरकुरायचं. मग तिने तोड काढली. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात वायर, वायरीला तो काडेपेटीएवढा एफएम ट्रान्समीटर, त्यावर आकडा अठ्ठ्याऐंशी पूर्णांक तीन, आणि गाडीच्या रेडिओवरही तोच. तिथे कुठलंच स्टेशन नव्हतं, नुसती खरखर. रोज सव्वा एकला ऑफिसमागच्या पार्किंगमध्ये ती खरखर थांबायची आणि कादंबरी गाडीभर बोलायला लागायची.

ती फक्त आपल्याच गाडीत बोलते, असा तिचा समज होता.

दहाव्या दिवशी कुणीतरी काचेवर टकटक केली. उंच, उन्हाने रापलेला, हातात अर्धा खाल्लेला डबा.

“माफ करा,” तो म्हणाला, “पण तिसऱ्या प्रकरणात कर्नलचा डावा पाय मोडला होता. आज तो उजव्या पायाने लंगडतोय.”

तिने मग लॅपटॉपवर तिसरं प्रकरण शोधलं. डावा. चार वेळा तपासूनही तिच्या कानांतून निसटलं होतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“माझ्या रेडिओवर येतं ना. कालचं ते ‘दार उघडंच होतं’ अकरा वेळा ऐकलं. अकराव्यांदा तर मीच उठून लावणार होतो.”

तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. पार्किंगच्या मागच्या मोकळ्या भागात त्याचा वर्ग दोनला सुरू व्हायचा. त्याआधी तो स्कूलच्या गाडीत डबा खायचा. दोनची विद्यार्थिनी म्हणजे त्या मावशी. दोनदा नापास झाल्या होत्या आणि खापर गाडीवर फोडत होत्या. तिने त्याला मास्तर म्हणायला सुरुवात केली. तो तिला स्टेशन म्हणायला लागला. “आज स्टेशन उशिरा लागलं,” असं काचेतून ऐकू आलं, की तिला उगाच हसू यायचं... आणि नटाचं पुढचं वाक्य हुकायचं.

एके दिवशी रिमझिम लागली. टपावर थेंबांचा आवाज, तपासणार काय? तो छत्री घेऊन काचेपाशी उभा राहिला, तिने दार उघडलं, आणि दोन वाजेपर्यंत दोघं कर्नलच्या नावाने इतकं हसले, की काचा आतून धुरकटल्या. नंतर तिच्या डब्यात दोन चमचे यायला लागले. आईने विचारलं, दोन कशाला? ती म्हणाली, एक पडतो अधूनमधून. आई म्हणाली, तो पडणारा चमचा एकदा घरी आण, मीही बघते.

सगळं असं रांगेला लागत होतं आणि साहेबांनी जाहीर केलं: सोमवारपासून ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला.

बुधवारी तिने मास्तरला सांगितलं. तो “अच्छा,” म्हणाला, आणि डब्याचं झाकण इतकं आवळून लावलं, की गुरुवारी ते उघडेना.

शुक्रवार शेवटचा. कादंबरीचं प्रकरणही शेवटचं. आज नाही तर मग नाही... आणि समोरासमोर तर तिच्याच्याने होणार नव्हतं. म्हणून गुरुवारी स्टुडिओ रिकामा झाल्यावर ती स्वतःच माइकसमोर बसली. सतरा वेळा मुद्रण केलं. दुसऱ्यांच्या मुद्रणातले श्वास कापणाऱ्या तिने स्वतःचा श्वास मात्र तसाच ठेवला. प्रकरण संपलं की पाच सेकंद शांतता ठेवायची, हा धंद्याचा नियम. त्या शांततेनंतर तिने आपला आवाज जोडला.

सव्वा एक. कर्नल घरी पोहोचला. पाच सेकंद.

तिचा आवाज गाडीत घुमला. कान तापले. आवाज संपल्यावर तिने हळूच शेजारच्या स्कूलच्या गाडीत पाहिलं. मास्तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून सरळ पुढे बघत होता — परीक्षेला बसल्यासारखा. मान वळवेना.

एक मिनिट. दोन.

ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. ठीक आहे. तिने रिव्हर्स टाकला.

आणि पार्किंगचे पहारेकरी काका हात आडवा करून दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभे राहिले. काखेत रेडिओ.

“थांबा,” ते म्हणाले. “दीड महिना चौकीत बसून ऐकतोय. कर्नल पोहोचला, बरं झालं. पण नंतर तुम्ही दोघं एकदम काय बोलत होता? एक शब्द कळला असेल तर शपथ.”

दोन्ही काचा खाली आल्या.

“दोघं?” ती म्हणाली.

मास्तरने खिशातून काडेपेटीएवढं यंत्र काढलं. काल घेतलं होतं, अगदी तिच्यासारखं. प्रकरणानंतर ती गप्प असते, हे त्याला पाठ होतं. तीच वेळ साधून त्याने फोनमधलं आपलं बोलणं लावलं होतं.

तिने कपाळावर हात मारला. ध्वनीचं शिक्षण घेतलेली बाई ती! एकाच आकड्यावर दोन यंत्रं बोलली, की जवळचं लांबच्याला गिळतं. दोघांनी आपापल्या गाडीत फक्त स्वतःलाच ऐकलं होतं. दोघंही उत्तराची वाट बघत बसले होते.

“म्हणजे मी स्वतःलाच मागणी घातली?” मास्तर म्हणाला.

“मागणी... होती?”

तो मानेपर्यंत लाल.

“मी चौकीत जातो,” काका म्हणाले. “रेडिओ बंद करून.”

मास्तर उतरला आणि तिच्या शेजारी येऊन बसला. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक असतो. तिच्याही गाडीत त्याचा पाय रिकाम्या जागी दाबला जात होता.

“तिथे ब्रेक नाही,” ती म्हणाली.

“माहितीये.” त्याने पाय काढून घेतला. “परत लावू? फोनवर आहे.”

“नको. तोंडाने.”

त्याने सांगितलं. अडखळत, दोनदा पहिल्यापासून सुरू करत. तिने एकही चूक काढली नाही. मग तिने आपलं सांगितलं, आणि ते तिच्या सतरा मुद्रणांपैकी एकातही नव्हतं: “मला तुझ्याशिवाय काही ऐकवत नाही.”

मावशी आल्या, आत डोकावल्या, आणि आज आपण एकट्याच चालवून बघतो म्हणून मोकळ्या झाल्या. नेमक्या त्या दिवशी त्यांची गाडी एकदाही बंद पडली नाही.

ऑफिसचं स्थलांतर रद्द झाल्याचं पत्र दुपारी साडेबारालाच आलं होतं, तिच्या मांडीवरच्या त्याच लॅपटॉपमध्ये, न उघडलेलं.