उलट भाषांतराचे शनिवार

सिंगापुरातल्या बेडोकच्या हॉकर सेंटरसमोरून, त्या खाण्याच्या स्टॉल्ससमोरून जाताना प्रियदर्शिनीला आजही गालातल्या गालात हसू येतं. इथेच तर तो भेटला होता... कॉफीवाल्या आंटीपुढे भांबावलेला प्रफुल्ल, आणि इंग्रजी संपल्यावर तोंडून निघालेलं अस्सल नागपुरी, "अवं बाई, साखर नको म्हणलं ना!"

तिने चिनीत आंटीला समजावलं आणि त्याच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "आता प्या निवांत."

तो थक्क. "तुम्हाला चिनी येतं?"

"बाबांची इच्छा. बुद्धवचनं चिनीत जपली गेली, ती वाच म्हणाले. वाचते... आणि लोकांची कॉफी मागवते!"

प्रफुल्ल विद्यापीठात झोपेवर संशोधन करायचा. कोण सकाळी टवटवीत, कोण संध्याकाळी, हे ओळखणारी इंग्रजी प्रश्नावली त्याच्या टीमने चिनीत आणली होती. आता मूळ न पाहिलेल्या कुणीतरी ती परत इंग्रजीत करायची, म्हणजे अर्थ कुठे घसरला ते कळतं. त्याने तिलाच गळ घातली. अट एकच – काम संपेपर्यंत त्या प्रश्नांबद्दल दोघांनी अवाक्षर काढायचं नाही.

मग काय, दर शनिवारी कॉफी आणि बाकी साऱ्या जगाच्या गप्पा, संत्रा बर्फीपासून आईच्या हातच्या पाटोडीपर्यंत. किती गोड दिवस होते ते! "कुठवर आलं?" तो विचारायचा. "चाललंय..." म्हणत ती उगाच चमचा ढवळत बसायची.

एका शनिवारी तो कपाशी नुसता चाळा करत होता. "आमच्या गाइड मॅडम घाई करताहेत. तुला जड जातंय ना? दुसऱ्या कुणाला देतो... तू मोकळी."

तिचा चमचा थांबला. मोकळी? मग शनिवारी हा भेटणार कशाला?

"नको देऊस," ती म्हणाली. कान तापले होते. "झालंय ते. केव्हाच झालंय."

"मग दिलं का नाहीस?"

"दिलं असतं, तर आला असतास?"

त्याने कप बाजूला सारला. मग खो खो हसला. "अगं, मीच मॅडमना थापा मारतोय! कधी तुला ताप, कधी तुझी दाढ दुखतेय... आता सांगायला आजार संपले गं!"

तिने तिथेच फोन काढून फाइल पाठवली. "संपलं काम. आता...?"

"आता उद्या," प्रफुल्ल म्हणाला. "आणि परवा. प्रियू, मला तू रोज हवी आहेस."