एकतीस नंबरची रेघ

नव्या मुलांना मी असं समजावतो: पोटातल्या बाळाला साखर नाळेतून मिळते, म्हणून यकृतातलं साखर बनवणारं एन्झाइम तेव्हा झोपलेलं असतं. जन्म झाला, नाळ कापली, की काही तासांत ते जागं होतं. बाळ उपाशी असलं की ते वाढतं, दूध मिळालं की ओसरतं. आमच्या चाचणीत पांढऱ्या पडद्यावर त्याची काळी रेघ उमटते.

रोमानियातल्या याश शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत ही चाचणी सोमवारी असते. बाळांच्या यकृताच्या नमुन्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. एकतीस नंबर तुलनेसाठी दर वेळी लागायचा, कारण तिथे रेघ येताच कामा नये. ते बाळ मृत जन्मलं होतं. ती आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायक डोम्निकाची मुलगी. यकृत अभ्यासाला देण्याच्या कागदावर तिनेच सही केली होती.

"आईसारखीच निघाली, सर," ती म्हणायची. "सोमवार कधी चुकवत नाही."

ऑक्टोबरात एकतीसवर पुसट रेघ दिसली.

"शेजारचा थेंब सांडला असेल," मी म्हणालो. स्वतः पुन्हा चाचणी लावली. रेघ होतीच. पुढच्या सोमवारी आणखी गडद.

"जागं झालं म्हणजे जन्म झाला. तुम्हीच शिकवता ना?"

"पोरी, फ्रीजरमध्ये उणे ऐंशी अंशांत काही जागं होत नसतं."

"मग गडद का होतंय?"

उत्तर तिला येत होतं.

तिने खाणं सोडलं. टेबलावरचा तिचा कोव्रीग पाव वाळून कडक व्हायचा. दुपारभर ती फ्रीजरच्या दाराला तळहात लावून उभी असायची.

"तिला काहीतरी द्या ना, सर. नुसतं साखरेचं पाणी."

मला तिला यातून सोडवायचं होतं. एकतीसचा उरलेला तुकडा मी जाळायला पाठवला आणि तसं तिला सांगितलं.

तिने फ्रीजरच्या दारावरचा हात काढला.

"उपाशीच पाठवलंत?"

सोमवारी चाचणी मी एकट्याने लावली. एकतीसच्या जागी नुसतं मिठाचं पाणी घातलं.

तिथे रेघ आली. आजवरची सगळ्यात काळी.

शेजारी बत्तीस आणि तेहेतीस होते. तीही कधी न रडलेली बाळं. त्यांच्याही जागी काहीतरी पुसट उमटत होतं.

डोम्निका मागे येऊन उभी राहिली होती.

"सर," ती हळूच म्हणाली, "आता कुणाकुणाला जाळणार?"